कोलूच्या बाहुल्या : मांडणे, आवरणे आणि जपणे

१. विषयाची मांडणी

सणउत्सवांच्या अभ्यासात एक असमतोल सहज ध्यानात येतो. उत्सवाचे जे चार-दहा दिवस असतात, त्यांचे वर्णन तपशिलाने केले जाते. आरास कशी होती, पूजा कोणी केली, नैवेद्य कोणता होता, गाणी कोणती म्हटली गेली, याच्या नोंदी विपुल मिळतात. मात्र ज्या वस्तूंच्या आधारे हा उत्सव उभा राहतो, त्या वस्तू वर्षाचे उरलेले दिवस कोठे असतात, कशात असतात आणि कोणाच्या देखरेखीखाली असतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दक्षिण भारतातील नवरात्रात मांडल्या जाणाऱ्या बाहुल्यांच्या बाबतीत हा असमतोल विशेषच ठळक आहे. दहा दिवस दिसणारी ही रंगीत बाहुली सुमारे साडेअकरा महिने पेटीत असते. तिच्या आयुष्याचा बहुतांश इतिहास हा अशा रीतीने पेटीतला इतिहास आहे.

प्रस्तुत निबंधात या पेटीतल्या इतिहासाचा विचार करावयाचा आहे. माती, कागदाचा लगदा आणि हलके लाकूड यांपासून घडविलेल्या, वरून रंगविलेल्या लहान मूर्ती मुळातच नाजूक असतात. तरीही कित्येक कुटुंबांत त्या तीन-तीन पिढ्या टिकल्या आहेत. हे टिकणे कशामुळे शक्य झाले? पदार्थाच्या बळावर हे घडलेले नाही, हे उघड आहे. दरवर्षी ठरावीक दिवशी बाहेर काढणे, तपासणे, मांडणे आणि पुन्हा आवरून ठेवणे या नेमाने ते घडले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. हा नेम मुख्यत्वे स्त्रियांनी पाळला. त्याचे ज्ञान हातांतून हातांत गेले आणि म्हणूनच ग्रंथांतून त्याचा शोध फारसा लागत नाही.

२. कोलूची परंपरा आणि मराठी संबंध

तमिळमधील ‘कोलू’ आणि तेलुगूमधील ‘कोलुवु’ या शब्दांचा अर्थ दरबार किंवा राजसभा असा आहे. बोलण्यात त्याचे ‘गोलू’ असेही रूप आढळते. कन्नड प्रदेशात याच प्रथेला ‘गोंबे हब्ब’, म्हणजे बाहुल्यांचा सण, म्हणतात. आश्विन प्रतिपदेला विषम संख्येच्या पायऱ्या रचून त्यांवर पांढरे वस्त्र अंथरतात. सर्वांत वर कलश व देवता, त्याखाली अवतारकथा व संतमंडळी, त्याखाली लग्नाची वरात, बाजार आणि खेडे असा तो दरबार मांडला जातो. सर्वांत खालच्या पायरीवर किराणा मालाची दुकाने मांडून बसलेले चेट्टियार पतिपत्नी हमखास दिसतात. दरवर्षी निदान एका नव्या बाहुलीची भर घालावी असा संकेत आहे. किनारपट्टीच्या आंध्रात ही मांडणी नवरात्राखेरीज संक्रांतीलाही होते.

विजयनगरच्या महानवमीचे वैभव १४४३ मध्ये तेथे आलेल्या अब्दुर रज्जाकाने आणि पुढे १५२० च्या सुमारास आलेल्या दोमिंगो पायस या पोर्तुगीजाने वर्णिले आहे. हा राजोत्सव पुढे म्हैसूरच्या वोडेयार घराण्याने चालविला. घरोघरच्या पायऱ्यांवरील कोलूत ‘दरबार’ हा शब्द टिकून राहिला, यावरून राजसभेची प्रतिमा घरात उतरली असावी, असे अनुमान करावयास जागा आहे.

मराठी अभ्यासकाला या प्रथेत रस वाटण्याचे कारण तंजावर हे होय. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी तेथे मराठी सत्ता स्थापन केली आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर तिचा अंत झाला. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ कावेरीच्या खोऱ्यात राहिलेल्या मराठी कुटुंबांनी आपली भाषा वेगळ्या वळणाने जपली आणि तेथील कोलूही आपला केला. ही प्रथा त्यांना परकी वाटण्याचे काही कारण नव्हते. चैत्रात गौर बसवून तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांवर खेळणी, चित्रे व फराळाचे पदार्थ मांडावयाचे आणि सुवासिनींना हळदीकुंकवाला बोलवावयाचे, हा महाराष्ट्रातील प्रघात कोलूशी जवळचे नाते सांगतो. ऋतू वेगळा, देवतेचे रूप वेगळे. परंतु घरातील संग्रह वर्षातून एकदा देवीच्या निमित्ताने उघडावयाचा, ही कल्पना एकच.

३. पदार्थ आणि त्यांचे दुखणे

बाहुली कशी जपली गेली हे समजण्यासाठी ती कशाची आहे हे आधी पाहावयास हवे. कोलूतील जुन्या बाहुल्यांत चार प्रकार प्रामुख्याने आढळतात.

पहिला प्रकार मातीचा. तमिळनाडूत पण्रुटी, मदुराईजवळील विळाच्चेरी, कांचीपुरम आणि चेन्नईतील कोसपेट येथे कुंभार-मूर्तिकारांची वस्ती प्रसिद्ध आहे. साच्यात दाबून काढलेली मूर्ती वाळवून भाजतात आणि भाजल्यानंतर तिच्यावर पांढऱ्या मातीचा अथवा खडूचा हात देऊन रंगकाम करतात. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चिनी मातीच्या भांड्यावरील झिलई भट्टीत पक्की होते. या बाहुलीचा रंग भट्टी पाहातच नाही. तो केवळ डिंकाच्या किंवा सरसाच्या बळावर पृष्ठभागाला धरून असतो. ओलाव्याने हा बंध सैल होतो, आणि कमी भाजलेली माती सच्छिद्र असल्याने ओलावा आतूनही येतो. मातीत क्षार असतील तर ते पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे सरकतात आणि पाणी उडाले की रंगाखाली त्यांचे स्फटिक बनून पापुद्रा उचलला जातो. बाहुलीचा चेहरा ‘उडतो’ तो बहुधा असा.

दुसरा प्रकार लाकडाचा. विजयवाड्याजवळील कोंडपल्ली येथे ‘तेल्ल पोणिकी’ नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या बाहुल्या घडवितात. अवयव वेगवेगळे कोरून ते चिंचोक्याच्या पिठात लाकडाचा भुसा कालवून केलेल्या लांबीने जोडले जातात. कर्नाटकातील कोप्पळ जिल्ह्यातील किन्हाळ येथेही हलके लाकूड आणि चिंचोक्याची खळ यांचाच मेळ आढळतो. चिंचोक्याची खळ आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा करणाऱ्या चितारी मंडळींच्याही परिचयाची आहे. ही खळ चिवट आणि टिकाऊ असते. पण ती अन्नच असल्यामुळे झुरळ, कसर आणि उंदीर यांना तिचे आकर्षण असते. लाकूड आर्द्रतेने फुगते व कोरड्या हवेत आकसते. वरील खडूचा थर मात्र त्याबरोबर हलत नाही. दोहोंच्या या विसंगतीतून सांध्यांवर भेगा पडतात.

तिसरा प्रकार ‘मरप्पाच्ची’ या जोडीचा. रक्तचंदनाची स्त्रीपुरुषांची ही जोडी पूर्वी विवाहात मुलीला माहेराहून मिळे आणि तिच्या नव्या कोलूचा तो आरंभ ठरे. तिरुपतीच्या परिसरात ही जोडी विशेष प्रसिद्ध होती. रक्तचंदन हे पाण्यात बुडण्याइतके घट्ट व जड लाकूड आहे. त्याला कीड सहसा लागत नाही. या बाहुल्यांना रंगही फारसा नसतो, कापडाचे व कागदाचे पोशाख दरवर्षी नवे चढवितात.

चौथा प्रकार कागदाच्या लगद्याचा आणि त्याला पुढे जोड मिळालेल्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा. लगद्याची बाहुली हलकी आणि पडली तरी सहसा न फुटणारी. पण पाणी आणि वाळवी हे तिचे शत्रू. प्लॅस्टरची बाहुली स्वस्त व रेखीव; पण तिचा टवका उडाला की आतला पांढराफटक रंग उघडा पडतो आणि ओल मिळाली की ती मऊ होते.

सारांश, एकाच पेटीत ठेवलेल्या चार बाहुल्यांची चार दुखणी असतात. मातीला धक्का सोसत नाही, लाकडाला हवेचा बदल सोसत नाही, लगद्याला कीड सोसत नाही आणि प्लॅस्टरला पाणी सोसत नाही. घरातील जपणुकीची रीत या चौघांना एकत्र सांभाळण्यातून घडली आहे.

४. आवरण्याचा विधी

कोलू उतरविण्याचा आरंभ विजयादशमीच्या रात्री होतो. त्या रात्री एखादी बाहुली पायरीवर आडवी निजवितात. दरबार संपला, आता सर्वांनी विश्रांती घ्यावी, असा तिचा अर्थ. दुसऱ्या दिवशी बाहुल्या खाली उतरविल्या जातात. धार्मिक दृष्टीने ही लहानशी कृती असली तरी जपणुकीच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळे आवरण्याला मुहूर्त लाभला. जे काम सवडीने करावयाचे असते ते राहून जाते. ज्याला तिथी असते ते होते.

या तिथीचे हवामानाशी असलेले नातेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात नवरात्र येते तेव्हा पावसाळा सरत असतो. तमिळनाडूत याच्या उलट स्थिती असते. तेथील मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला. म्हणजे तेथे कोलू आवरला जातो तो वर्षातील सर्वांत ओल्या हंगामाच्या उंबरठ्यावर. पाऊस सुरू होण्यापूर्वी, हवा अद्याप कोरडी असताना बाहुल्या कोरड्या कापडात जाव्यात, हे या पंचांगाने साधले. पेटीत शिरलेली दमट हवा पेटीतच राहते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या काही दिवसांच्या अंतराचे महत्त्व सांगावे लागत नाही. हा योग कोणी बुद्धिपूर्वक जुळविला असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु जुळलेल्या योगाचा फायदा पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहिला.

आवरण्याच्या रीतीत काही समान सूत्रे दिसतात. बाहुली हाताने, डोक्याने किंवा धनुष्यासारख्या पुढे आलेल्या भागाने उचलावयाची नाही. एक हात बैठकीखाली आणि दुसरा पाठीशी ठेवावयाचा. धूळ ओल्या फडक्याने पुसावयाची नाही, मऊ कुंचल्याने किंवा पिसाने झटकावयाची. सुटे होणारे भाग, म्हणजे भाला, बासरी, छत्री, मुकुटावरील तुरा, काढून वेगळ्या पुरचुंडीत बांधावयाचे आणि ती पुरचुंडी त्याच बाहुलीच्या गुंडाळीत ठेवावयाची. गुंडाळण्यासाठी जुने, पुष्कळदा धुतलेले सुती वस्त्र घ्यावयाचे. नव्या वस्त्राला खळ असते, ती किड्यांना बोलावते. जुने वेष्टी किंवा साडी मऊ तर असतेच, शिवाय तिचा रंग सुटावयाचा तो सुटून गेलेला असतो. कापूस थेट रंगावर लावावयाचा नाही, कारण त्याचे तंतू रंगाच्या खवल्यांत अडकतात आणि काढताना खवलेही निघतात.

पेटीतील क्रम हा पायरीवरील क्रमाहून वेगळा असतो. पायऱ्यांवर प्रतिष्ठेप्रमाणे जागा मिळते. पेटीत ती वजनाप्रमाणे मिळते. जड व घट्ट बाहुल्या तळाशी, हलक्या व नाजूक वर. ज्यांची बैठक रुंद आहे त्यांना उभे ठेवता येते. ज्यांची अरुंद आहे त्यांना पाठीवर निजवून मानेखाली व गुडघ्याखाली कापडाची उशी द्यावी लागते. तंजावरच्या मान डोलविणाऱ्या बाहुलीचे डोके व धड वेगळे करून ठेवणे इष्ट, नाहीतर टेकू घेतलेले डोके बारा महिने एकाच जागी घासत राहते. लग्नाची वरात, दशावतार, बाजार असे जे संच असतात, ते एकत्र ठेवावयाचे. पेटीच्या झाकणाच्या आत यादी चिकटविण्याची पद्धतही कित्येक घरांत आहे. दप्तरखान्यात कागद रुमालात बांधून रुमालावर विषय लिहावा, त्याच जातीची ही व्यवस्था आहे.

पेटी ठेवावयाची कोठे, हाही विचार त्यात आहे. तमिळ घरांतील ‘परण’, म्हणजे माळा, ही तिची नेहमीची जागा. जमिनीची ओल आणि वाळवी यांपासून ती दूर राहते. मात्र पत्र्याच्या छपराखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, आणि तापलेल्या पेटीत रंगाचे थर मऊ होऊन कापडाला चिकटतात. म्हणून आतल्या खोलीचा, बाहेरच्या भिंतीला न टेकलेला माळा उत्तम मानावयास हवा. आधुनिक जतनशास्त्र ज्याला स्थिर तापमान व स्थिर आर्द्रता म्हणते, त्याचाच हा घरगुती पर्याय होय.

५. कीड आणि औषधे

तंजावरचा उल्लेख येथे पुन्हा करावा लागतो. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) ज्या सरस्वती महाल ग्रंथालयाला समृद्ध केले, तेथील पोथ्या व मोडी कागद जपण्यासाठी वेखंड, काळे जिरे, मिरी, लवंग, दालचिनी यांची भरड पूड कापूर घालून पुरचुंडीत बांधून ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. यातील वेखंडाला तमिळमध्ये ‘वसंबु’ म्हणतात. बाळाच्या औषधापासून धान्याच्या कणगीपर्यंत घरात त्याचा वावर असतो. बाहुल्यांच्या पेटीतही वेखंड, सुकलेला कडुनिंबाचा पाला आणि कापूर यांचीच योजना दिसते. ग्रंथालयाचे ज्ञान घरात आले की घराचे ज्ञान ग्रंथालयात गेले, हा प्रश्न मनोरंजक आहे. पोथी आणि बाहुली यांची शत्रूंची यादी एकच असल्यामुळे उपायही एकच ठरले, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

या उपायांत एक शहाणपण अंतर्भूत आहे. कापूर उडून जातो, पाल्याचा वास जातो, वेखंडाची पूड निकामी होते. म्हणून ती दरवर्षी बदलावी लागते आणि ती बदलण्यासाठी पेटी उघडावी लागते. विसाव्या शतकात डांबराच्या गोळ्या आल्या आणि काही घरांत पेटी उघडण्याची निकड कमी वाटू लागली. वास्तविक या गोळ्यांचा धूर प्लॅस्टिकच्या व काही रोगणांच्या पृष्ठभागांना बाधतो आणि माणसाच्या श्वासालाही तो हितकारक नाही. म्हणून संग्रहालयांतून तिचा वापर आता टाळला जातो. पाला नेहमी पुरता वाळलेला असावा आणि तो कापडी पुरचुंडीत असावा, रंगाला लागू नये, एवढे पथ्य मात्र जुन्या उपायालाही आहे.

६. प्रवासाची वेष्टणे

आतापर्यंत ठेवण्याचा विचार झाला, आता नेण्याचा. येथे इतिहास एक उपयुक्त भेद शिकवितो. प्रवासासाठी केलेले वेष्टण आणि साठवणीसाठी केलेले वेष्टण यांचे धर्म परस्परविरोधी असतात. प्रवासात वस्तू हलता कामा नये. म्हणून वेष्टण गच्च असावे लागते. साठवणीत वस्तूला हवा लागावी लागते. म्हणून वेष्टण सैल असावे लागते.

मूर्तिकार बाजारात माल पाठवीत तो भाताच्या पेंढ्यात. पेंढा धक्का पोटात घेतो, स्वस्त असतो आणि करंडीच्या कोनाकोपऱ्यांत जातो. दोन बाहुल्यांची अंगे एकमेकींना लागू नयेत आणि करंडी हलविल्यास आवाज येऊ नये, ही त्याची कसोटी. बाहुली फुटते ती बहुधा वजनाखाली नव्हे. आत मोकळी राहिल्याने ती हेलकावे खाते, आणि या हेलकाव्याने तुटते. रंग खराब होतो तो दोन पृष्ठभाग मैलोगणती एकमेकांवर घासल्याने. एका पेटीत दुसरी पेटी ठेवून मधल्या जागेत मऊ भरण घालण्याची युक्ती याच कारणाने सर्वत्र रूढ झाली. परंतु पेंढा ओल धरतो आणि त्यात कीड असते. म्हणून बाहुली घरी आली की पेंढा टाकून द्यावयाचा आणि तिला कापडात घ्यावयाचे, हा दंडक होता.

रंगीत मूर्तींच्या दूरच्या प्रवासाचे ठळक उदाहरण बंगालमधील कृष्णनगरचे आहे. नदिया जिल्ह्यातील या गावाच्या घूर्णी भागातील पाल आडनावाच्या मूर्तिकारांनी केलेल्या, हुबेहूब माणसांसारख्या मातीच्या मूर्ती १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात गेल्या आणि पुढेही अनेक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत मांडल्या गेल्या. १८८८ च्या ग्लासगो प्रदर्शनाच्या निमित्ताने त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांनी भारतीय कलाकुसरीवर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात या मूर्तिकारांची नोंद आहे. या मूर्तींना खरे कापड, खरे केस व गवत लावीत. त्यामुळे त्या जिवंत दिसत. पण जपणुकीच्या दृष्टीने एका मूर्तीत माती, वस्त्र आणि केस असे तीन नाशवंत पदार्थ एकत्र आले. बोट तुटले तर सांधता येते. कसरीने खाल्लेले धोतर पूर्ववत होत नाही. या मूर्ती घडविल्या गेल्या त्या जाण्यासाठी, परतण्यासाठी नव्हे. कोलूच्या बाहुल्यांची गोष्ट नेमकी उलट आहे. त्यांना दरवर्षी परत यावयाचे असते.

घरगुती बाहुलीचा प्रवास झाला तो प्रथम विवाहाने आणि नंतर नोकरीने. नववधूबरोबर जी जोडी जाई ती रक्तचंदनाची, न फुटणारी. मातीचा संसार ती सासरच्या गावी हळूहळू जमवी. या विभागणीत प्रवासाचा विचार दडलेला असावा, असे मला वाटते. पुढे विसाव्या शतकात दक्षिणेकडील असंख्य कुटुंबे मुंबईला माटुंग्यात, दिल्लीला, कोलकात्याला स्थायिक झाली. बदलीच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी घर हलले की बाहुल्यांची ट्रंकही हलली. या काळात लगद्याच्या बाहुल्या लोकप्रिय झाल्या, याचे एक कारण त्यांचा हलकेपणा हे असले पाहिजे. मागणी करणाऱ्याचे जीवन फिरते झाले की वस्तूचा पदार्थही बदलतो, हे सांस्कृतिक इतिहासाचे एक सूत्रच आहे.

आज बाहुली फुगेदार प्लॅस्टिकच्या वेष्टणात घरी येते. प्रवासासाठी हे वेष्टण उत्तमच आहे. अडचण येते ती पुढे. तिला त्याच वेष्टणात वर्षभर ठेवले जाते. प्लॅस्टिक आतली दमट हवा कोंडून धरते, आणि उन्हाळ्यात त्याचे फुगे रंगावर गोल वळ उमटवितात. वर्तमानपत्राची शाई फिकट चेहऱ्यावर उतरते आणि त्याचा आम्लधर्मी कागद कालांतराने पिवळा पडून ठिसूळ होतो. प्रवास संपला की प्रवासाची वस्त्रे उतरवावीत, हा जुना दंडक येथेच विसरला गेला आहे. बाहेरून प्लॅस्टिक, पण अंगाशी सुती कापड किंवा आम्लरहित पातळ कागद, अशी जोड घातल्यास दोन्ही हेतू साधतात.

७. संग्रहालय आणि घर

रंगीत लहान मूर्ती जपणारी दुसरी संस्था म्हणजे संग्रहालय. मुंबईतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने लोकांसाठी खुले झाले. १९७५ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले आणि दीर्घ जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडले. मुंबई इलाख्यातील विविध जातिजमाती व व्यवसाय दाखविणाऱ्या मातीच्या लहान मूर्ती हे त्याचे एक वैशिष्ट्य. म्हैसूरच्या राजवाड्यातही ‘गोंबे तोट्टी’ या दालनात पारंपरिक बाहुल्या मांडलेल्या आहेत. काचेआड, मंद उजेडात, हवेच्या मोजमापाखाली ठेवलेल्या या मूर्तींचे आयुष्य घरातल्या बाहुलीपेक्षा अधिक सुरक्षित आहे, यात शंका नाही.

तथापि दोन्ही ठिकाणी ‘जपणे’ या क्रियापदाचा अर्थ एक नाही. संग्रहालय वस्तूला बदलापासून दूर ठेवते. घर वस्तूला बदलात सामील करून घेते. घरातली बाहुली हाताळली जाते, तिच्या तुटल्या बोटाला चिंचोक्याची खळ व खडूची भुकटी लावून जोडले जाते, चेहरा फारच उडाला तर पुन्हा रंगविले जाते. संग्रहालयाच्या दृष्टीने पुन्हा रंगविणे ही हानी आहे, कारण त्यामुळे मूळ कारागिराचा हात झाकला जातो. घराच्या दृष्टीने न रंगविलेली, डोळे पुसलेली बाहुली पायरीवर मांडणे हे अनादराचे आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी योग्य आहे. म्हणूनच जुनी बाहुली रंगविण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे आणि रंग उडाला असेल तेवढाच भाग भरावा, हा मध्यम मार्ग घरांना सुचवावासा वाटतो.

८. समारोप

माती आणि देव यांच्या संबंधात मराठी मनाला अधिक परिचित आहे ते विसर्जन. शाडूचा गणपती पाण्यात जातो आणि पुढच्या वर्षी नवी माती येते. परंतु त्याच भाद्रपदात घरी येणाऱ्या उभ्याच्या गौरींचे मुखवटे अनेक घरांत पाण्यात जात नाहीत. ते पुसून, मऊ वस्त्रात गुंडाळून पेटीत जातात. दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळेही खोक्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवले जातात. म्हणजे विसर्जन आणि आवरणे या दोन्ही वृत्ती आपल्याकडे शेजारीशेजारी नांदल्या आहेत. पहिलीचे तत्त्वज्ञान पुष्कळ लिहिले गेले. दुसरीचे लिहिले गेले नाही. सोडून देण्यातील वैराग्य अभ्यासकांना दिसते, राखून ठेवण्यातील कष्ट दिसत नाहीत. कारण ते कष्ट माळ्यावर चढून, नाकाला पदर लावून, सणाच्या गडबडीआधी आणि सण संपल्यानंतर केले जातात, जेव्हा पाहुणे आलेले नसतात किंवा परत गेलेले असतात.

आज या परंपरेपुढील अडचण बाहुलीच्या नाजूकपणाची नाही. बाहुल्या पूर्वीइतक्याच नाजूक आहेत. घरे लहान झाली, माळे गेले, मुले परदेशी गेली आणि पायऱ्या मांडणारे हात थकले. अशा वेळी संग्रह वाटला जातो. वरातीतला वाजंत्री एका घरी, नवरानवरी दुसऱ्या घरी जातात. दशावतारांतील चार अवतार कोणाकडे, सहा कोणाकडे. प्रत्येक बाहुली शाबूत राहिली तरी संच मोडतो, आणि संच मोडला की त्यामागची कथा सांगणारे कोणी उरत नाही. ही हानी चिकटवून भरून येण्यासारखी नाही.

यावर अभ्यासकांना करता येण्यासारखे एक काम आहे. लोकसंस्कृतीच्या क्षेत्रकार्यात मांडलेल्या कोलूची छायाचित्रे आपण घेतोच. त्याबरोबर उघडलेल्या पेटीचेही छायाचित्र घ्यावे. कोणती बाहुली कोणाच्या शेजारी ठेवली होती, कोणत्या वस्त्रात होती, ते वस्त्र कोणाचे होते, झाकणाच्या आतल्या यादीत कोणाकोणाची अक्षरे आहेत, हे टिपून ठेवावे. आजीच्या साडीत गुंडाळलेली, आईच्या अक्षरातील चिठ्ठी बांधलेली आणि नातीने नुकतीच सोडलेली बाहुली हा तीन पिढ्यांचा एक दस्तऐवज आहे. मोडी रुमाल सोडताना आपण गाठीचीही नोंद घेतो, कारण कागद कोणत्या कागदाबरोबर बांधला होता यावरून त्याचा अर्थ उलगडतो. बाहुल्यांच्या पेटीला तोच न्याय लावावयास हवा. आणि ही नोंद त्या पेटीच्या मालकिणीच्या हयातीत, तिच्या तोंडून, तिच्या भाषेत झाली पाहिजे. तिच्या पश्चात पेटी उघडणाऱ्याला बाहुल्या मिळतील, त्यांचा क्रम मिळणार नाही.